सोळा पानांतला लिंकन : तिकिटांचं एका चौकटीचं प्रदर्शन सोलापुरात कसं उभारायचं

अब्राहम लिंकन मराठी मुलांना बहुतेक वेळा शाळेच्या भिंतीवर भेटतो. ‘हेडमास्तरांना पत्र’ म्हणून लावलेल्या मजकुराखाली त्याचं नाव असतं आणि मोठेपणीही अनेकांच्या मनात लिंकन म्हणजे तेच पत्र. ते लिंकननं लिहिल्याचा पुरावा नाही. त्याच्या संपादित समग्र लेखनात ते सापडत नाही. टपालाच्या तिकिटावरचा लिंकन मात्र तारखेसकट, किमतीसकट, छापणाऱ्या देशाच्या नावासकट हाती लागतो. ही दोन रूपं शेजारी ठेवली की कळतं, गेलेल्या माणसाची आठवण आपोआप टिकत नाही. ती कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी जागवतं. हेच एका चौकटीत, म्हणजे एकाच फळीवर मांडलेल्या सोळा पानांत दाखवणारं प्रदर्शन शाळेला किंवा एकट्या संग्राहकालाही पाच-सहा महिन्यांत उभारता येतं.

चरित्र सांगू नका

सर्वांत जास्त होणारी चूक पहिल्याच पानावर होते. लाकडी ओंडक्यांचं घर, कुऱ्हाड, वकिली, अध्यक्षपद, नाटकगृहातला खून, असा क्रम लावला जातो. ही गोष्ट कुठल्याही पुस्तकात आहे, तिच्यासाठी तिकिटं लागत नाहीत. तिसऱ्या पानापर्यंत पाहणाऱ्याचं लक्ष उडतं आणि तिकिटं नुसती शोभेची चित्रं होऊन बसतात.

त्याऐवजी पानं आठवणीच्या क्रमानं लावा. प्रत्येक तिकिटाला तीन प्रश्न विचारा: कुणी काढलं, कोणत्या निमित्तानं, आणि दर्शनी किंमत किती. तिसरा प्रश्न बहुतेक जण सोडून देतात, पण तिकीट कुणाच्या हातात पडलं हे किमतीवरूनच कळतं. १२ फेब्रुवारी १९०९ रोजी, जन्मशताब्दीला, अमेरिकेनं लिंकनचं २ सेंटचं तिकीट काढलं. साध्या पत्राचा दर तेव्हा २ सेंटच होता, म्हणून ते घराघरांत गेलं. १९३८ च्या राष्ट्राध्यक्ष मालिकेत लिंकनच्या वाट्याला १६ सेंट आले, कारण तो सोळावा राष्ट्राध्यक्ष. कल्पना छान, पण साध्या पत्राला तेव्हा ३ सेंट लागत. हा फरक एका ओळीत लिहिलात तरी पाहणारा पुढचं तिकीट वेगळ्या नजरेनं बघतो.

कोणत्या वर्गात मांडणार, हे आधी ठरवा

स्पर्धेत उतरायचं असेल तर दोन वर्ग उपयोगाचे. विषयवार म्हणजे थीमॅटिक वर्गात फक्त टपाल साहित्य चालतं: तिकिटं, कव्हरं म्हणजे टपालातून गेलेली पाकिटं, शिक्के, टपाल खात्याची छापील पाकिटं आणि कार्डं. तिथे वर्तमानपत्राचं कात्रण किंवा शाळेतल्या पत्राचा फोटो लावला की गुण कापले जातात. ओपन वर्गात निम्म्यापर्यंत टपालाबाहेरचं साहित्य चालतं. या विषयात लोकांच्या मनातली आठवण दाखवायची आहे, त्यामुळे ओपन वर्गच योग्य. स्पर्धा नसली, फक्त शाळेच्या सभागृहात मांडायचं असलं, तरी अर्धं-अर्धं हे प्रमाण पाळा. त्याहून जास्त बाहेरचं साहित्य आलं की ते भित्तिपत्रक होतं.

थीमॅटिक वर्गाची आंतरराष्ट्रीय गुणपद्धत एकदा पाहून ठेवा, मेहनत कुठे घालायची ते त्यातून कळतं. १०० पैकी मांडणीचा विचार आणि विस्तार यांना ३५, ज्ञान आणि अभ्यासाला ३०, साहित्याची स्थिती आणि दुर्मिळता यांना ३०, आणि सजावटीला फक्त ५. रंगीत किनारी आणि नक्षीदार अक्षरं यांत जाणारा वेळ या शेवटच्या ५ गुणांतला असतो.

पानांचा आराखडा

पहिलं पान शीर्षक आणि आराखड्याचं. त्यावर एकच तिकीट आणि उरलेल्या पंधरा पानांची दिशा चार-पाच ओळींत. हे पान सर्वांत शेवटी लिहा. आधी लिहिलं तर पुढे हाती लागलेलं चांगलं साहित्य आराखड्यात बसत नाही आणि मग तेच गाळलं जातं.

दुसरं-तिसरं पान शोकाचं. १५ एप्रिल १८६५ रोजी लिंकन गेला आणि वर्षभरानं, एप्रिल १८६६ मध्ये, काळ्या शाईतलं १५ सेंटचं तिकीट निघालं. त्याला शोकतिकीट म्हणतात. मूळ तिकीट खिशाला परवडणारं नाही आणि स्वस्तात मिळालं तर संशय घ्या. त्याची प्रतिकृती लावायची असेल तर ती मुळापेक्षा किमान २५ टक्के लहान किंवा मोठी छापा आणि खाली ‘प्रतिकृती’ असं स्पष्ट लिहा. हुबेहूब आकाराची रंगीत झेरॉक्स लावली की परीक्षकाचा बाकीच्या पानांवरचाही विश्वास उडतो.

चौथ्या पानावर चेहरा घ्या. १९५९ मध्ये, दीडशेव्या जयंतीच्या निमित्तानं, अमेरिकेनं १, ३ आणि ४ सेंटची तीन तिकिटं काढली. १ सेंटवरच्या लिंकनला दाढी नाही. १८६० च्या निवडणुकीपर्यंत त्याला दाढी नव्हतीच. ग्रेस बेडेल या अकरा वर्षांच्या मुलीनं त्याला दाढी राख म्हणून पत्र लिहिलं होतं. १ सेंटवर चित्र, ३ सेंटवर शिल्पातलं डोकं, ४ सेंटवर वॉशिंग्टनच्या स्मारकातल्या बसलेल्या पुतळ्याचं रेखाटन. माणूस, शिल्प, स्मारक असा प्रवास तीन तिकिटांत दिसतो. शिवाय ४ सेंट तेव्हा पत्राचा दर आणि ३ सेंट पोस्टकार्डाचा, म्हणजे सर्वांत जास्त पत्रांवर गेला तो स्मारकातला लिंकन. ही तिकिटं स्वस्त आणि सहज मिळणारी आहेत. सुरुवात इथूनच करा.

पाचव्या-सहाव्या पानावर गेटिसबर्गचं भाषण. ते १९ नोव्हेंबर १८६३ चं, आणि ३ सेंटचं तिकीट त्याच तारखेला १९४८ मध्ये निघालं. ‘लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी’ हे नागरिकशास्त्राच्या तासाला पाठ केलेले शब्द मूळ कुठले, हे मुलांना इथे भेटतं.

सातवं ते नववं पान गुलामगिरीचं. या पानांवर थांबा, कारण सर्वांत मोठी तथ्याची चूक इथेच होते. ‘लिंकननं १८६३ साली गुलामगिरी बंद केली’ असं सर्रास लिहिलं जातं. १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्यानं गृहयुद्धातल्या बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त असल्याचं घोषित केलं. देशभर गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती ६ डिसेंबर १८६५ रोजी मंजूर झाली, तेव्हा लिंकन हयात नव्हता. त्या दुरुस्तीच्या पंचाहत्तरीला १९४० मध्ये ३ सेंटचं तिकीट आलं. भिंगाखाली धरा: उभा लिंकन, हात पुढे केलेला, आणि पायाशी गुडघ्यावर बसलेला मुक्त गुलाम. हा वॉशिंग्टनमधला १८७६ सालचा पुतळा. त्याचे पैसे मुक्त झालेल्या लोकांनीच दिले होते, पण रचनेवर त्यांचा ताबा नव्हता. स्वतः गुलामगिरीतून सुटलेला फ्रेडरिक डग्लस अनावरणाच्या भाषणात लिंकनच्या मर्यादांविषयी स्पष्ट बोलला. १९६७ चं डग्लसचं २५ सेंटचं तिकीट १९४० च्या तिकिटासमोर लावा. गुडघ्यावरचा निनावी माणूस एकीकडे, नावानिशी ताठ पाहणारा डग्लस दुसरीकडे. या पानाला मजकूर जवळजवळ लागतच नाही.

दहावं पान ७ जुलै १९४२ च्या ५ सेंटच्या तिकिटाचं. चीनच्या जपानविरोधी लढ्याला पाच वर्षं झाली म्हणून अमेरिकेनं त्यावर लिंकन आणि चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत-सेन यांना एकत्र आणलं, मध्ये चीनचा नकाशा. सोलापूरकराचा हात इथे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या १९९३ च्या भारतीय तिकिटाकडे जातोच. आपल्या गावचे कोटणीस त्याच युद्धात चिनी सैनिकांवर उपचार करत होते आणि त्याच वर्षी, ९ डिसेंबर १९४२ रोजी, तिथेच गेले. मोह आवरा. कोटणीसांची एक स्वतंत्र चौकट व्हावी इतकं साहित्य आहे. इथे ते आले की धागा सुटतो. फार तर मजकुरात एक ओळ.

अकराव्या पानावर घानाची १९५९ ची तिकिटं, लिंकनच्या पुतळ्यासमोर घानाचे नेते क्वामे एन्क्रुमा. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशाला लिंकन का हवा होता, हे त्यावर लिहा. बाराव्या-तेराव्यावर भारत, चौदाव्यावर महाराष्ट्र, पंधराव्यावर शाळेची भिंत. सोळाव्यासाठी २००९ ची द्विशताब्दीची ४२ सेंटची चार तिकिटं ठेवा: लाकूडतोड्या, वकील, राजकारणी, राष्ट्राध्यक्ष. जे चरित्र आपण पानांच्या क्रमात टाळलं, ते इथे अमेरिकेच्या टपाल खात्यानं स्वतः चार चित्रांत सांगितलेलं दिसतं.

भारतीय तिकीट आणि सोलापूरचा शिक्का

भारतानं लिंकनचं तिकीट १५ एप्रिल १९६५ रोजी काढलं, मृत्युशताब्दीच्या दिवशी. किंमत १५ पैसे, तेव्हाचा साध्या पत्राचा दर. नाणं दशमान झालं १ एप्रिल १९५७ ला, आणि ‘नये पैसे’ मधला ‘नये’ हा शब्द गेला १ जून १९६४ ला. म्हणून १३ मे १९६२ च्या, डॉ. राजेंद्र प्रसाद निवृत्त झाले त्या दिवशीच्या तिकिटाची किंमत नये पैशांत आणि लिंकनची नुसत्या पैशांत. ही दोन शेजारी ठेवली की आणखी एक फरक दिसतो. राजेंद्रबाबू हयात असताना तिकिटावर आले. जिवंतपणी हा मान मिळालेले पहिले भारतीय महर्षी कर्वे, १९५८ मध्ये. लिंकनला तो गेल्यावरच मिळाला.

कोरं तिकीट आणि पहिल्या दिवसाचं कव्हर, म्हणजे तिकीट निघाल्या दिवशीच शिक्का मारलेलं पाकीट, विक्रेत्यांकडे मिळतं. खरा शोध घ्यायचा तो साध्या व्यवहारात वापरलेल्या पाकिटाचा, ज्यावर लिंकनचं तिकीट आणि इंग्रजीत ‘शोलापूर’ असा जुन्या स्पेलिंगचा शिक्का आहे. गिरण्या, सुताचे व्यापारी, चादरीच्या पेढ्या यांचा पत्रव्यवहार मोठा होता, आणि पाकिटं वहीखात्यांच्या गठ्ठ्यांत राहून जातात. रद्दीवाल्यांना नुसतं ‘जुनी तिकिटं’ सांगू नका, ते तिकिटं फाडून आणून देतात. ‘अख्खी पाकिटं, तिकिटासकट, न कापता’ असं सांगा. मालकाची परवानगी घ्या आणि आतलं खासगी पत्र परत करा. पत्ता दाखवायचा नसेल तर पाकीट पानावर लावताना त्या भागावर कागदाची पट्टी सरकवा. पाकिटावर काही चिकटवू नका, खोडू तर मुळीच नका.

पाकीट हाती आलं की तीन गोष्टी तपासा. शिक्क्याची तारीख १५ एप्रिल १९६५ च्या आधीची असेल तर काहीतरी गडबड आहे. शिक्का तिकिटावरून पाकिटावर सलग उतरलेला हवा. तिकिटाच्या कडेला रेषा तुटली असेल तर तिकीट मागाहून चिकटवलेलं असू शकतं. आणि एकूण दर जुळायला हवा. रजिस्टर पाकिटावर एकटं १५ पैशांचं तिकीट असेल तर बाकीची पडली आहेत किंवा काढली आहेत.

विक्रेत्यांकडच्या स्वस्त पाकिटांत काही देशांची ढिगानं छापलेली झगमगीत तिकिटं असतात, शिक्का कोपऱ्यात नेटका आणि मागे गोंद तसाच. ती टपालात गेलेलीच नाहीत, विक्रीसाठीच शिक्का मारलेली आहेत. पोरांच्या वहीला चालतील, या चौकटीत नकोत.

शाळेतल्या मुलांसाठी एक उपयोगी गोष्ट: मुख्य टपाल कार्यालयात २०० रुपये भरून फिलाटेली डिपॉझिट खातं उघडता येतं आणि नवी भारतीय तिकिटं घरपोच येतात. सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या दीनदयाळ स्पर्श या वर्षाला ६,००० रुपयांच्या शिष्यवृत्तीलाही हा छंद आणि असा प्रकल्प लागतो.

भिजवणं, सुकवणं, सांभाळणं

नुसतं तिकीट कागदावरून सोडवायचं असेल तर कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं, चित्र वर ठेवून. ओढू नका, कागद आपोआप सुटला पाहिजे. लाल-जांभळ्या पाकिटांचे तुकडे वेगळ्या भांड्यात, नाहीतर रंग उतरून सगळ्या तिकिटांना लागतो. सुकवताना चित्र खाली, टिपकागदावर, वर दुसरा टिपकागद आणि जड पुस्तक. अलीकडच्या बहुतेक अमेरिकी स्टिकर तिकिटांचा गोंद पाण्यात सुटत नाही. ती कागदासकट चारही बाजूंनी ४-५ मिलिमीटर सोडून कापा. स्पष्ट शिक्का असलेलं पाकीट कधीच भिजवायचं नाही.

सोलापूरचं हवामान तिकिटांना दोन वेळा त्रास देतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, हवा कोरडी, आणि कोऱ्या तिकिटांचा गोंद आक्रसून तिकीट नळीसारखं वळतं. तेव्हा बोटानं सपाट करायला गेलात तर गोंदाला तडा जातो. ते तसंच स्टॉक बुकात, म्हणजे तिकिटं खोचून ठेवायच्या वहीत, ठेवा, पाऊस पडला की स्वतःहून सरळ होतं. जून ते सप्टेंबरमध्ये उलटं: दमट हवेत गोंद पानाला चिकटतो आणि तपकिरी ठिपके उठतात. स्टॉक बुकं आडवी नाही, उभी ठेवा, म्हणजे पानांवर दाब येत नाही. शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की तापवून परत वापरा. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट या कामाला वाईट, दुपारनंतर ते भट्टी होतं. डांबरगोळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांजवळ नकोत. आणि पिशव्या स्टेशनरीच्या दुकानातल्या मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या घेऊ नका. उन्हाळ्यात त्या घामेजतात आणि छपाईची शाई ओढून घेतात. कडक, बिनवासाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या.

पान बांधताना

कागद ए-फोर, पांढरा किंवा हलका साईरंगी, आम्लमुक्त, १६० ते १८० जीएसएम. मजकूर आधी छापा, तिकीट नंतर लावा. कोऱ्या तिकिटाला माउंट (पारदर्शक खोळ), वापरलेल्याला हिंज (गोंद लावलेली छोटी कागदी पट्टी) चालतं, पाकिटाला चार कोपरे. माउंट तिकिटापेक्षा दोन्ही बाजूंनी एक-दीड मिलिमीटर मोठा कापा. घट्ट झाला की दाते मुडपतात. चिमटा गोल, चपट्या टोकाचा घ्या, टोकदार नको.

मजकूर पानाच्या चौथाईपेक्षा जास्त नको, अक्षर १२ पॉइंटपेक्षा लहान नको. तिकिटावर दिसतं तेच मजकुरात पुन्हा लिहू नका. ‘लिंकनचे चित्र असलेले तिकीट’ ही ओळ वाया गेली. ‘मृत्युशताब्दी, १५ पैसे, साध्या पत्राचा दर, छपाई नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसची’ ही ओळ कामाची.

चौदावं आणि पंधरावं पान

महाराष्ट्रात अमेरिकेतल्या मुक्तीच्या लढ्याची दखल फार लवकर घेतली गेली. जोतीराव फुल्यांनी १८७३ चं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य दाखवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. लिंकनला जाऊन तेव्हा आठच वर्षं झाली होती. फुल्यांचं १९७७ चं तिकीट आणि अर्पणपत्रिकेची प्रतिकृती, एवढ्यावर चौदावं पान उभं राहतं. इथे एक काळजी घ्या: अर्पण लोकांना आहे, लिंकनला नाही. ‘फुल्यांनी लिंकनला पुस्तक अर्पण केलं’ असं लिहू नका.

पंधराव्या पानासाठी थोडी पायपीट हवी. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. चारही माध्यमांच्या एकेका वर्गात, शिक्षकांच्या संमतीनं, एकच प्रश्न द्या: ‘लिंकन म्हटल्यावर सगळ्यात आधी काय आठवतं?’ मुलांनी आपापल्या भाषेत, नाव न घालता, पोस्टकार्डावर लिहायचं. टपाल खात्याचं छापील कार्ड वापरून ते खरंच पोस्टात टाका, म्हणजे शिक्क्यासकट तेच टपाल साहित्य होतं. पर्याय देऊ नका. ‘पत्र’ हा पर्याय दिला की सगळे तोच निवडतात. चार लिप्यांतली चार कार्डं आणि भिंतीवरच्या पत्राचा एक छोटा फोटो पानावर लावा. पत्राखाली लिहा, ‘लिंकनच्या नावावर प्रसिद्ध, त्यानं लिहिल्याचा पुरावा नाही’. खोटं, बनावट असे शब्द नकोत. त्या ओळींनी अनेक शिक्षकांना आणि आईबापांना बळ दिलं आहे आणि तीही या आठवणीचाच भाग आहे.

चौकट आणि तारीख

सोळा पानं चार ओळींत चार बसतात. पिशवीसकट एक पान साधारण २२ बाय ३०.५ सेंटिमीटर धरलं तर ८८ बाय १२२ जागा लागते, म्हणून फळी ९० बाय १२५ ची करून घ्या. पुढे काच नको. ४ मिलिमीटरची एवढी काच सुमारे ११ किलो भरते आणि शाळेत ती धोक्याची. ३ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिक ४ किलोच्या आसपास येतं. पानं टाचण्यांनी टोचू नका, आडव्या पट्ट्यांच्या खाचेत उभी करा. पाचवी-सहावीची मुलं पाहणार असतील तर चौकटीचा मध्य जमिनीपासून सव्वाशे सेंटिमीटरवर ठेवा, नाहीतर वरची ओळ मोठ्यांपुरतीच राहते.

१५ एप्रिल ही तारीख भारतीय तिकिटाला शोभणारी, पण तेव्हा परीक्षा आणि ऊन दोन्ही असतं. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, तेव्हा सारं गाव तिकडे. १२ फेब्रुवारी, लिंकनची जयंती, सर्वांत सोयीची: हवा कोरडी, ऊन सोसण्यासारखं. त्यासाठी पाकिटांचा शोध ऑगस्टमध्ये सुरू करा, डिसेंबरअखेर पानं पूर्ण करा. चौकट खिडकीसमोर लावू नका. दुपारी तीनला सभागृहात जाऊन ऊन कुठपर्यंत येतं ते पाहून खडूनं खूण करा आणि चौकट त्या खुणेच्या आत ठेवा. संध्याकाळी उतरवताना पानं एक ते सोळा या क्रमानं मोजून पेटीत घाला, आणि प्रत्येक पानावरची तिकिटं यादीशी ताडून बघा.